कॅमेऱ्यावरून कारखान्याची सुरक्षा तपासणी : काय दिसतं, काय सुटतं

साखर कारखान्याचं गाळप संपलं की बॉयलर थंड करून आतून तपासतात. आत अंधार, काजळी आणि राख. पूर्वी परांची बांधून माणूस वर चढायचा. आता काही उद्योगांत पिंजऱ्यातला ड्रोन आत सोडतात. भिंतीला धडकला तरी पिंजऱ्यामुळे पंखे शाबूत राहतात. नळ्यांचं चित्र बाहेर पडद्यावर येतं, आणि इंटरनेट असेल तर दूरच्या शहरातल्या तज्ज्ञालाही तेव्हाच दिसतं. यालाच दूरस्थ तपासणी म्हणतात.

साधा प्रकार म्हणजे हेल्मेटवरचा कॅमेरा. कामगार फिरतो, तज्ज्ञ कानात सांगतो, ‘तो व्हॉल्व्ह जवळून दाखवा, गेजचा आकडा वाचा.’ 2011 मध्ये जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात किरणोत्सर्गामुळे माणूस पाठवणं धोक्याचं होतं, तिथं कॅमेरेवाले यंत्रमानव आत गेले. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये प्रवास बंद झाला आणि व्हिडिओवरची तपासणी बऱ्याच देशांत वाढली.

पण कॅमेऱ्याला नाक नसतं. मळीची टाकी, सांडपाण्याचा खड्डा इथं खरा धोका न दिसणाऱ्या वायूचा. हवेत ऑक्सिजन साधारण 21 टक्के असतो. बंद टाकीत तो कमी झालेला डोळ्याला कळत नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो खरा, पण वायू जास्त झाला की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे धोका गेला, असं समजून माणूस उतरतो. तो पडला म्हणून वाचवायला दुसरा उतरतो, आणि दोघंही जातात. म्हणून वायुमापक दोरीनं आत सोडून त्याचा आकडा कॅमेऱ्यात दाखवायला हवा. डिस्टिलरीत अल्कोहोलच्या वाफा असतात, तिथं साधा मोबाइल नेऊन शूटिंग करणंही धोक्याचं. ठिणगी न पडणारी, त्यासाठी प्रमाणित केलेली उपकरणंच लागतात.

दुसरी अडचण माणसांची. कॅमेरा धरणारा बहुतेकदा कारखान्याचाच. झाडलेला कोपरा दाखवायचा आणि गळकी नळी टाळायची, हे अवघड नाही. कुठं वळायचं ते तज्ज्ञानंच सांगितलं आणि चित्रीकरण न तोडता जपलं, तरच त्याला अर्थ. शिवाय साहेब शेजारी उभे असताना कंत्राटी कामगार काय बोलणार? प्रत्यक्ष आलेला निरीक्षक त्याला बाजूला घेऊन विचारू शकतो. म्हणून कॅमेरा जोडीला ठीक, निरीक्षकाच्या जागी नाही.

हंगाम संपल्यावर गावातली पोरं टाकी साफ करायला जातात. त्यांनी आत उतरण्याआधी लेखी परवाना, वायूचं मोजमाप, कमरेचा पट्टा आणि दोरी धरून बाहेर उभा राहणारा माणूस मागावा. टाकीत नेण्याचा विजेचा दिवा 24 व्होल्टपेक्षा जास्तीचा नको, हा नियम 1948 च्या कारखाना कायद्यातही होता.