ओरखडे आणि पाठभेद

बीडच्या उन्हात उभ्या असलेल्या एखाद्या काळ्या मोटारीकडे पाहावे. टपावर पडलेल्या सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळे दिसतात. वास्तविक हे ओरखडे सर्व दिशांना पसरलेले असतात. त्यांपैकी प्रकाशाला आडवे जाणारे तेवढे चमकतात आणि डोळ्यांना वर्तुळाचा भास होतो. या अवर्षणप्रवण जिल्ह्यात धूळ मुबलक, पाणी तुटपुंजे. गाडी कोरड्या फडक्याने पुसली जाते आणि फडक्याखाली सापडलेला प्रत्येक कण आपली रेघ मागे ठेवतो.

ही रेघ घालवण्याच्या विद्येलाही इतिहास आहे. १९२३ साली अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीचा ‘ड्युको’ हा झटपट वाळणारा रंग मोटारींवर आला. आपल्याकडील गॅरेजांत तो शब्द पुढे सामान्यनामच होऊन बसला. एकाच थराचा रंग असलेली जुनी गाडी रबिंग कंपाउंडने घासली की फडक्याला गाडीचाच रंग लागे. किती झीज झाली ते डोळ्यांना दिसे. पुढे रंगावर पारदर्शक क्लिअर कोट आला आणि ही झीज अदृश्य झाली. हा थर साधारणपणे ४० ते ५० मायक्रॉनांचा, म्हणजे केसाहूनही पातळ असतो. पॉलिशचे यंत्र ओरखडा भरून काढत नाही. ओरखड्याच्या तळापर्यंत भोवतालचा पृष्ठभाग खाली आणते. लकाकी येते ती वजाबाकीतून.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे संहिताशुद्धीची आठवण व्हावी. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ दूर केले. त्या उपकाराबद्दल दुमत नाही. परंतु त्या शुद्धीत काय गेले, हा प्रश्न उरलाच. बीड येथे मिळालेली पोथी एकनाथपूर्व आहे, असे मानून वि. का. राजवाड्यांनी १९०९ साली ती छापली, ती याच प्रश्नापोटी. पुढे मूळ पोथीच अभ्यासकांना उपलब्ध राहिली नाही. त्यामुळे जुनी वळणे कोणती आणि नंतरचे ओरखडे कोणते, हे पडताळणे दुष्कर झाले.

जाणता कारागीर यंत्र लावण्यापूर्वी थराची जाडी मोजतो आणि खोल ओरखडा तसाच राहू देतो. संपादकाने पाठभेद तळटीपेत जपावेत, ते याच कारणासाठी. घासून गेलेला थर पुन्हा घासून परत येत नाही.