खडकवासल्याची प्रतिरूपे आणि घरी घडणारा स्पीकर

१/ खडकवासल्याची ओळख धरण आणि एनडीएपुरती नाही. १९१६ साली मुंबई इलाख्यात सुरू झालेली आणि पुढे येथे स्थिरावलेली केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था धरणे आणि बंदरे आधी लहान प्रतिरूपांत घडवून पाहते. त्यामागे काटेकोर गणित असते : लांबी १०० पटींनी घटवली, तर प्रवाहाचा वेग १० पटींनीच घटतो.

२/ हीच पद्धत ध्वनीलाही लागू पडते. १९७०च्या आसपास ब्रिटनमध्ये बीबीसीचा संशोधन विभाग स्टुडिओंची एक-अष्टमांश प्रतिरूपे अभ्यासत होता. खोली आठपट लहान झाली, की ध्वनीची वारंवारता आठपट वाढवावी लागते. या प्रयोगांसाठी एक छोटा स्पीकर तयार झाला. तो इतका चांगला वाजला, की त्यातून ‘एलएस३/५’ हा प्रसारणासाठीचा मॉनिटर जन्माला आला.

३/ त्याचे ड्रायव्हर ‘केफ’ कंपनीचे होते : वूफर बी११० आणि ट्वीटर टी२७. पुढे या ड्रायव्हरांचे गुणधर्म बदलले आणि जुना क्रॉसओव्हर, म्हणजे दोन ड्रायव्हरांत आवाज वाटणारे सर्किट, निरुपयोगी ठरला. नव्याने आखलेली आवृत्ती म्हणजे प्रसिद्ध ‘एलएस३/५ए’. तिच्या रचनेचा अहवाल बीबीसीने १९७६ साली प्रसिद्ध केला.

४/ पेटी आणि वूफर यांचा मेळ मात्र त्याआधीच गणितात बसला होता. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ साली त्याची मांडणी केली. सिडनीत संशोधन करणाऱ्या रिचर्ड स्मॉल यांनी १९७२-७३ मध्ये ती पूर्णत्वास नेली. तीन आकडे कळीचे ठरले : मोकळ्या वूफरची नैसर्गिक वारंवारता (एफएस), त्याचे कंपन किती लवकर शमते हे सांगणारा क्यूटीएस, आणि त्याच्या लवचिकतेइतकी लवचिक असलेली हवा लिटरांत सांगणारा व्हीएएस.

५/ समजा, एफएस ३५ हर्ट्झ, क्यूटीएस ०.३५ आणि व्हीएएस ३० लिटर आहे. बंद पेटी १० लिटरची केली, तर तिचा क्यू ०.७ येतो, म्हणजे बास आटोपशीर राहतो. पेटीतील वारंवारता ७० हर्ट्झ होते. पेटी ५ लिटरची केली, तर हीच वारंवारता ९० हर्ट्झच्या पुढे जाते आणि बास फुगतो. करवत हाती घेण्याआधीच हे कागदावर दिसते. पूर्वी अशा अंदाजासाठी पेट्या करून मोडाव्या लागत.

६/ बुधवार पेठेच्या तपकीर गल्लीत स्पीकर निवडणाऱ्याला हा इतिहास आजही उपयोगी आहे. डब्यावरचे वॅट ड्रायव्हर किती शक्ती झेलतो एवढेच सांगतात. पेटी ठरते ती या तीन आकड्यांवर. ते छापलेले नसतील, तर तो ड्रायव्हर अंधारातच घ्यावा लागतो. पहिलाच प्रयत्न असेल, तर मोजमापे दिलेला सिद्ध संच घेणे शहाणपणाचे, कारण त्यातील क्रॉसओव्हर त्याच ड्रायव्हरांसाठी आणि त्याच पेटीसाठी आखलेला असतो. पैसे वाचवण्यासाठी त्यातील ट्वीटर बदलला, तर बीबीसीला जे करावे लागले तेच करावे लागते : क्रॉसओव्हर पुन्हा आखणे.