साठ पावलांचा चैत्र

गच्चीची किल्ली मीटरच्या पेटीमागे खिळ्याला अडकवलेली आहे. एरवी ती वर्षातून दोनदाच निघायची, टाकी धुवायला आणि कोजागरीला. आज ती तुम्ही काढून घेता. कुलूप गंजलंय, दार खांद्याने ढकलावं लागतं. बाहेर पाऊल टाकता ती सकाळ आहे २५ मार्च २०२० ची, बुधवारची. गुढीपाडवा. काल रात्री आठला पंतप्रधान टीव्हीवर बोलले आणि मध्यरात्रीपासून देश एकवीस दिवसांसाठी बंद झाला. गुढीला गाठी मिळाली नाही. कडुनिंबाचा मोहर मात्र खालच्या झाडाला भरभरून आलाय, त्याच्या चटणीची चव जिभेवरून अजून गेलेली नाही.

तुम्ही पुढच्या काळातून आला आहात, म्हणून तुम्हाला ठाऊक आहे की हे एकवीस दिवस म्हणजे एकवीस नव्हेत, अडुसष्ट आहेत. कुणाला सांगू नका. कोथरूडच्या या चार मजली इमारतीत सगळ्यांनी एकवीस दिवसांचा हिशेब करून डाळ-तांदूळ भरलेत.

पलीकडे एआरएआयची टेकडी दिसते. रोज पहाटे तुम्ही तिच्यावर जायचात. आता तिकडची वाट बंद. (तीन आठवड्यांनी बिबवेवाडीत सकाळी फिरायला निघालेल्यांना पोलीस भर रस्त्यात योगासनं करायला लावतील, आणि त्याचा व्हिडिओ देशभर फिरेल.) तेव्हा गच्चीवर चाला. टाकीला वळसा, डिशच्या तारा ओलांडायच्या, कपड्यांच्या दोरीखाली वाकायचं, की एक फेरी झाली. साठ पावलं. शंभर फेऱ्यांची सहा हजार. तिसऱ्या दिवशी गरगरायला लागतं, मग पन्नास उजवीकडून आणि पन्नास डावीकडून, असा तोडगा निघतो.

टेकडीवर चालताना नजर पुढच्या वळणावर असायची. इथे वळण आल्या आल्या संपतं, म्हणून कान लावावे लागतात. लोहगावहून उडणारी प्रवासी विमानं थांबलीत, पौड रस्ता गप्प आहे. त्या गप्पपणात, टुक् टुक् टुक् टुक्. समोरच्या वाळक्या फांदीच्या टोकावर तांबट बसलाय, हिरवा, मुठीएवढा, कपाळावर आणि छातीवर कुंकवासारखा लाल. चोच मिटलेलीच राहते, फुगतो तो गळा. कसब्यातल्या तांबट आळीचे हातोडे आज बंद आहेत, हा एकटाच कामावर आलाय. करंजाच्या पानांआडून कोकीळ सूर चढवत नेतो. आपल्याकडे कविता लिहिणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याची कोकिळा केली. गाणारा तो नर, काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, ठिपक्या-ठिपक्यांची, आणि तिच्या वाट्याला नुसतं घाईघाईचं किक्-किक्-किक्. टेकडीच्या बाजूने मोर ओरडतो. इतक्या वर्षांत तुम्ही तो घरबसल्या ऐकला नव्हता.

बाग करायची हुक्की दुसऱ्या आठवड्यात येते. रोपवाटिका बंद, मातीची पोती मिळत नाहीत. पण श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराने गच्चीवर बाग करायला माती थोडी आणि पालापाचोळा फार लागतो, हे कधीच दाखवून दिलंय, आणि पाचोळ्याला चैत्रात काय तोटा! जिन्यातून पोती भरभरून वर आणता. आइस्क्रीमच्या डब्यांना खिळा तापवून भोकं पाडता. धणे वाटीच्या बुडाखाली रगडून दोन फाकी करून पेरता. अख्खा धणा रुसून बसतो. मेथी तिसऱ्याच दिवशी डोकं वर काढते. नासका टोमॅटो चिरडून पुरलात, त्यातून चाळीसेक रोपं येतात. ती सगळी जगवण्याचा मोह होतो. करू नका. चार ठेवा.

आता त्या अर्ध्या पिंपातल्या कढीलिंबाकडे वळा. टाकीच्या सावलीत उभा आहे, छातीभर उंच. २९ मार्चला लालबुड्या बुलबुलाची जोडी त्यात काड्या नेताना दिसते. चार दिवसांत वाटी तयार: काड्या, मुळं, नारळाची शेंडी, बाहेरून कोळ्याचं जाळं. पाच एप्रिलला त्यात तीन अंडी असतात, गुलाबीसर, त्यांवर लालजांभळे शिंतोडे.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजी कुरडया घालायला वर येतात.

"अहो, जरा दोन डहाळ्या खुडते हं. बाजारात काही नाही, आमटीला फोडणी कशाची घालू?"

"आजी, त्यात घरटं आहे. महिनाभर हात नका लावू."

"महिनाभर?" आजी वाकून बघतात. बुलबुल शेंडी उभारून त्यांच्याकडे बघतो. "बरं बाई, बस तू. पण माझ्या कुरडयांना चोच लावलीस तर बघ."

पक्षी बघणं आणि बाग करणं हे एकमेकांच्या सोयीचे छंद नाहीत, हे तुम्हाला इथे कळतं. पिंपाला पाणी हवं. तुम्ही जवळ गेलात की मादी उठते, आणि ती उठली की कठड्यावरच्या कावळ्याला पत्ता लागतो. मग भर दुपारी, कावळे सावलीला गेल्यावर, मगात नळी बुडवून लांबून पाणी सोडायचं. पानांवर लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या लागतात, लहानपणी पाखराच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या. वेचायच्या नाहीत, थोड्याच दिवसांत त्यांना गिऱ्हाईक येणार आहे.

त्या पाच एप्रिलच्याच रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे मालवायचे, पणत्या लावायच्या. तुम्ही गच्चीवर येता. अंधारात गच्च्यागच्च्यांवर ज्योती, क्षणभर खरंच सुंदर. मग कुणीतरी फटाक्यांची माळ लावतं. टॉर्च पेटवायचा नाही असं ठरवूनही तुम्ही बोटांआडून पेटवता. मादी जागेवर आहे, अंग वाटीत दाबून, डोळा उघडा.

चौदा एप्रिलला सकाळी दहा वाजता टीव्ही सांगतो, तीन मेपर्यंत. सतराला पिल्लं फुटतात. आई-बाप दोघंही चोचीत अळ्या घेऊन खेपा घालतात. तुमच्या फेऱ्या शंभर, त्यांच्या मोजता मोजता चुकतात. याच दिवसांत खालच्या मेंदीच्या कुंपणातून चक् चक् करणारा वटवट्या नाहीसा होतो. दहा-बारा ग्रॅमचं ते पाखरू वायव्येला निघालंय, मध्य आशियाकडे, रशियाकडे. तुम्हाला मंडईपर्यंत जायला पास लागतो.

फोनवर 'निसर्ग परतला'चा पूर येतो. व्हेनिसच्या कालव्यात डॉल्फिन म्हणून फिरणारं चित्रण कालव्यातलं नाही, सार्डिनियाच्या बंदरातलं आहे. नवी मुंबईच्या खाडीतले रोहित खरे आहेत, पण ते दरवर्षीच येतात. तांबटही मागच्या चैत्रात इथेच होता. परतला कोण, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

एकोणतीस एप्रिलच्या सकाळी घरटं रिकामं. तिन्ही पिल्लं आखूड शेपटीची, शेंड्या विस्कटलेल्या, समोरच्या करंजात ओळीने बसलीत. जन्मल्यापासून बाराव्या दिवशी बाहेर. आजी कढीलिंबाच्या दोन डहाळ्या खुडतात आणि चौथ्या दिवसापर्यंत दर वेळी 'विचारून घेते हं' म्हणतात. तुमचा मुक्काम एक मेच्या संध्याकाळी पुन्हा लांबतो, सतरापर्यंत.

नऊ मेला जगभरचे पक्षीनिरीक्षक एका दिवसाची मोजदाद करतात. पन्नास हजारांहून जास्त माणसं, बरीचशी आपापल्या अंगणातून, खिडकीतून. तुम्हीही वही घेऊन पहाटे पाचला वर येता. दयाळ, शिंपी, नाचण, वेडा राघू, सूर्यपक्षी, राखी धनेशाची जोडी. एकोणीस जाती होतात. पण वहीत मन लागत नाही. आदल्या दिवशी पहाटे औरंगाबादजवळ करमाडला, जालन्याहून घराकडे पायी निघालेली आणि दमून रुळांवर झोपलेली सोळा माणसं मालगाडीखाली गेली. तुम्ही त्या दिवशी चालत नाही. कठड्याला टेकून उभे राहता. नीलमोहोराची फुलं रिकाम्या रस्त्यावर पडून आहेत, झाडायला कुणी आलेलं नाही.

तीन जूनला अलिबागजवळ वादळ किनाऱ्यावर चढतं. दुपारी पुण्यातही वारा सुटतो, झाडं उन्मळतात, वीज जाते. वादळाचं नाव बांगलादेशाने सुचवलेलं आहे, निसर्ग.

संध्याकाळी पाऊस ओसरल्यावर वर जा. मेथीचे डबे टाकीमागे गोळा झालेत, टोमॅटोचं एक रोप उभं आहे. पिंप आडवं पडलंय आणि कढीलिंबातली वाटी निसटून पन्हाळीच्या तोंडाशी अडकली आहे. उचलून बघा. नारळाच्या शेंडीत एक निळा धागा विणलेला आहे, तुमच्याच दारातल्या पायपुसण्याचा.

खालून आजी हाक मारतात, "अहो, माझी कुरडयांची चादर वर राहिली का?"

चादर डिशच्या तारेत गुंतलेली आहे. ती सोडवा, आणि किल्ली खिळ्याला लावून ठेवा.