विंडोलांडाचा हजेरीपट

उत्तर इंग्लंडमधील विंडोलांडा हा रोमन सीमादुर्ग हेड्रियनच्या प्रसिद्ध भिंतीच्या दक्षिणेस सुमारे दीड किलोमीटरवर आहे. भिंतीचे काम इ.स. 122 मध्ये सुरू झाले. दुर्ग मात्र त्याहून जुना असून, स्टेनगेट या सैनिकी मार्गावर तो प्रथम इ.स. 85 च्या सुमारास लाकूड व माती यांनी बांधण्यात आला. पुढे तो अनेकदा पाडून त्याच जागी पुन्हा उभारला गेला. प्रत्येक वेळी जुन्या अवशेषांवर मातीचा भराव पडल्याने खालच्या ओलसर थरांत हवा पोहोचली नाही आणि एरवी कुजून जाणारे लाकूड व चामडे तेथे टिकून राहिले.

मार्च 1973 मध्ये पुरातत्त्वज्ञ रॉबिन बर्ली यांना उत्खननात रंध्याखालून निघालेल्या ढलप्यांसारखे पातळ तुकडे सापडले. दोन तुकडे विलग करताच आत शाईची अक्षरे दिसली. हवा लागताच ती पुसट होऊ लागली. अवरक्त छायाचित्रणामुळे ती पुढे वाचता आली. भूर्ज, अल्डर आदी वृक्षांच्या लाकडाचे हे पातळ काष्ठपट आहेत. (आपल्याकडील भूर्जपत्र सालीचे असते, येथे लाकडाचाच पापुद्रा वापरलेला आहे.)

त्यांपैकी सीमादुर्गाविषयी सर्वाधिक सांगणारा काष्ठपट म्हणजे तुंग्री पथकाचा हजेरीपट होय. तुंग्री हे आजच्या बेल्जियममधील लोक. ज्युलियस व्हेरेकुंडस हा त्यांचा पथकप्रमुख. 18 मे या दिवशीच्या या नोंदीत, वर्षाचा उल्लेख नसला तरी, इ.स. 90 च्या आसपासची स्थिती दिसते. पथकाची एकूण संख्या 752, त्यांत शतकाधिपती 6. पैकी तब्बल 456 जण दुर्गाबाहेर होते: 337 जण कोरिया, म्हणजे आजच्या कॉर्ब्रिज येथे, 46 जण प्रांताधिपतीच्या रक्षकदलात, एक शतकाधिपती थेट लंडनमध्ये. दुर्गात उरले 296. त्यांतही 15 आजारी, 6 जखमी आणि 10 जण डोळे आल्याने निकामी. कामास योग्य असे 265 जण आणि त्यांच्यावर शतकाधिपती एकच.

सीमेवरील दुर्ग म्हणजे तटाआड सज्ज उभी असलेली सेना, हे चित्र या आकड्यांपुढे टिकत नाही. पथकातील जेमतेम तृतीयांश माणसे जागेवर लढण्यास समर्थ होती. दुर्ग हे मनुष्यबळ पुरवणारे ठाणे होते. त्याचे खरे सामर्थ्य रस्ते, शेजारची ठाणी आणि काटेकोर नोंदी यांवर अवलंबून होते. जखमींपेक्षा नेत्रविकाराचे रुग्ण अधिक, ही बाबही बोलकी आहे. त्या दिवसापुरते तरी शत्रूच्या शस्त्रापेक्षा दुखऱ्या डोळ्यांनीच अधिक माणसे अडवून ठेवली होती.

इतर काष्ठपटांतून याच दुर्गाची घरगुती बाजू उलगडते. एका पत्रात पायमोजे व अंतर्वस्त्रे पाठवल्याचा उल्लेख आहे. दुसऱ्यात मास्क्लस नावाचा अधिकारी, सोबत्यांची बिअर संपली आहे, ती पाठवावी, अशी विनंती करतो. क्लॉडिया सेव्हेरा हिने दुर्गप्रमुख सेरियालिसची पत्नी लेपिडिना हिला 11 सप्टेंबरच्या वाढदिवसाचे निमंत्रण धाडले होते. मजकूर लेखनिकाचा असला, तरी शेवटच्या ओळी सेव्हेराच्या हातच्या आहेत. स्त्रीने स्वहस्ते लिहिलेल्या लॅटिनच्या ज्ञात नमुन्यांत त्यांची गणना सर्वांत जुन्यांमध्ये होते. हे पत्र आणि हजेरीपट दोन्ही आता लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहेत.