फोर व्हील ड्राइव्ह गाडी : ती काय करते, काय करत नाही आणि ती कशी जपावी

गोव्यात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. सत्तरी, सांगे, केपे, काणकोण या तालुक्यांतील डोंगराळ वाटा, कुळागरांकडे उतरणारे कच्चे रस्ते, चोर्ला आणि अनमोड हे घाट अशा भूगोलात चारही चाकांना ओढ देणारी गाडी उपयोगाची ठरणे स्वाभाविकच आहे. एकेकाळी अशी गाडी म्हणजे जीप, एवढेच समीकरण होते. १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली, २०१० मध्ये महिंद्राची थार आली, २०२० मध्ये थारचे नवे रूप आले आणि २०२३ मध्ये जिम्नी. पूर्वी वनखाते, लष्कर आणि खाणमालक यांच्यापुरते असलेले हे वाहन आता घरगुती झाले आहे.

मात्र वाहन घरोघरी पोहोचले, तरी त्याच्या यंत्रणेची ओळख त्याच वेगाने पोहोचलेली नाही. काही मालक गिअरच्या शेजारची दुसरी दांडी वर्षानुवर्षे हलवत नाहीत, तर काहींना ती हलवली की गाडी कोठेही जाईल असे वाटते. पहिल्या सवयीने यंत्रणा खराब होते. दुसऱ्या समजुतीने जीव धोक्यात येतो.

यंत्रणा कशी चालते

साध्या मोटारीत एंजिनची ताकद पुढच्या किंवा मागच्या दोनच चाकांपर्यंत जाते. फोर व्हील ड्राइव्हमध्ये गिअरबॉक्सच्या मागे ‘ट्रान्सफर केस’ नावाची पेटी असते. ती ही ताकद पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही आसांना वाटून देते. थार, जिम्नी यांसारख्या गाड्यांत ही वाटणी चालकाने दांडी हलवल्यावरच होते. काही आरामदायी एसयूव्हींमध्ये ती आपोआप, सतत होत असते. त्यांना ‘ऑल व्हील ड्राइव्ह’ म्हणतात. आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे, हे मालकाला प्रथम ठाऊक हवे, कारण दोहोंच्या वापराचे नियम वेगळे आहेत.

गाडी वळते तेव्हा तिची चारही चाके निरनिराळे अंतर कापतात. बाहेरच्या बाजूचे चाक आतल्यापेक्षा आणि पुढची चाके मागच्यांपेक्षा अधिक फिरतात. एकाच आसावरील दोन चाकांतला फरक ‘डिफरन्शिअल’ सांभाळते. पण दांडीने जोडल्या जाणाऱ्या प्रकारात पुढच्या आणि मागच्या आसांमधला फरक सांभाळणारे काहीच नसते. मातीवर किंवा खडीवर चाके किंचित घसरून तो फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर त्यांना घसरता येत नाही. मग तो सारा पीळ ट्रान्सफर केस, शाफ्ट आणि टायर यांच्यावर येतो. सुकाणू जड होणे, वळणावर गाडी अडखळणे, टायर करकरणे ही त्याची लक्षणे होत. कोरड्या पक्क्या रस्त्यावर अशी गाडी दोन चाकांच्या ओढीवरच चालवावी.

डिफरन्शिअलची एक मर्यादाही ध्यानात घ्यावी. ज्या चाकाला विरोध कमी, तिकडे ताकद सहज निघून जाते. त्यामुळे एक पुढचे आणि त्याच्या कर्णरेषेतले एक मागचे चाक अधांतरी झाले, तर फोर बाय फोर गाडीही जागच्या जागी चाके फिरवत राहते. नव्या गाड्यांत फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसऱ्या चाकाकडे वळवणारी सोय असते. काहींत डिफरन्शिअल लॉक असतो. हा लॉक फक्त सैल जमिनीवर, सरळ दिशेत आणि सावकाश वापरावा.

ओढ चार चाकांची, पकड टायरचीच

सर्वांत घातक गैरसमज ब्रेकविषयी आहे. ब्रेक प्रत्येक मोटारीला चारही चाकांवर असतात. त्यामुळे फोर व्हील ड्राइव्हने थांबण्याचे अंतर कमी होत नाही, वळणावरची पकडही वाढत नाही. ती पकड टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणावर ठरते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या, चांगल्या डांबरावर ब्रेक लागल्यानंतर सुमारे २० मीटरांत थांबते. रस्ता ओला असेल तर हेच अंतर सुमारे ३५ मीटर होते. चालकाला भान येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत आणखी १५ ते १७ मीटर निघून जातात. दांडी कोणत्याही टप्प्यावर असली, तरी या हिशेबात फरक पडत नाही.

धोका आणखी एका कारणाने वाढतो. निसरड्या रस्त्यावर साधी गाडी वेग घेतानाच चाके फिरवून चालकाला सावध करते. फोर व्हील ड्राइव्ह गाडी मात्र त्याच रस्त्यावर निमूटपणे वेग घेते, त्यामुळे रस्ता निसरडा आहे ही सूचना चालकापर्यंत पोहोचतच नाही. ती पोहोचते थेट पुढच्या वळणावर, ब्रेक दाबल्यानंतर. शिवाय या गाड्या उंच असल्याने त्यांचा गुरुत्वमध्य वर असतो आणि अचानक सुकाणू फिरवल्यास त्या उलटण्याची शक्यता अधिक असते. टपावरील कॅरिअरवर जड सामान लादल्यास ती आणखी वाढते. घाटात वेग ठरवताना गाडी किती सहज पळते याकडे न पाहता ती कितीशा अंतरात थांबेल हे पाहावे.

कोणता टप्पा केव्हा

‘टू एच’ हा नेहमीचा टप्पा. कोरडा रस्ता, महामार्ग, तसेच नुसता ओला पण स्वच्छ डांबरी रस्ता यांसाठी तो पुरेसा आहे.

‘फोर एच’ चिखल, सुटी खडी, शेवाळलेला चढ किंवा दरडीची माती पसरलेला पट्टा यांसाठी आहे. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या वेगमर्यादेत तो बहुधा चालत्या गाडीतही लावता येतो. मात्र चाके फिरत घसरत असताना लावू नये. अवघड पट्टा येण्यापूर्वीच लावावा आणि तो संपताच काढावा.

‘फोर एल’मध्ये वेग घटतो आणि ओढ साधारण दोन ते अडीच पट होते. तीव्र चढउतार, खडकाळ वाट, रुतलेली गाडी काढणे यांसाठी तो आहे. गाडी थांबवून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवूनच तो लावावा.

काही गाड्यांच्या ट्रान्सफर केसला स्वतःचा न्यूट्रल असतो. दांडी तेथे राहिली तर गिअरबॉक्सचा चाकांशी संबंधच तुटतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये किंवा स्वयंचलित गाडी ‘पार्क’मध्ये असली तरी उतारावरून घरंगळू शकते. म्हणून हा टप्पा बदलताना आणि गाडी उभी करताना हँडब्रेक ओढलेलाच असावा.

चढ आणि उतार

तीव्र चढ सरळ रेषेत चढावा आणि सरळ रेषेतच उतरावा. उतारावर आडवी घातलेली गाडी कुशीवर कलंडते. चढताना एंजिन बंद पडले तर गाडी वळवण्याचा मोह टाळावा. ब्रेक दाबून धरावा, रिव्हर्स गिअर टाकावा आणि आलेल्या चाकोरीनेच सरळ मागे उतरावे.

उतरताना फोर एलचा पहिला किंवा दुसरा गिअर टाकून एंजिनला गाडी रोखू द्यावी. क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये उतरणे म्हणजे हा रोध सोडून देणे होय. लांब घाटात सतत दाबलेले ब्रेक तापतात आणि निकामी होऊ लागतात. पक्क्या घाटरस्त्यावरही, टू एचमध्ये राहून, खालचा गिअर ठेवण्याचा नियम लागू आहेच.

वाहते पाणी

कुळे येथून दूधसागरकडे जाणाऱ्या जीपगाड्या पर्यटन हंगामात व्हाळांतून पार होतात. ती वाट चालकांच्या रोजच्या पायाखालची असते. तरीही पावसाळ्यात हा मार्ग बंद ठेवला जातो. हौशी चालकाने यातून जो घ्यायचा तो बोध घ्यावा.

नव्या थारसाठी उत्पादकाने ६५० मिलिमीटर खोल पाण्याची मर्यादा दिली आहे. हा आकडा संथ पाण्यासाठी आणि सावकाश जाण्यासाठी आहे. पूर आलेल्या व्हाळाला तो लागू नाही. ढोबळ हिशेब असा : सुमारे चार मीटर लांब आणि पावणेदोन मीटर रुंद गाडीचा तळ पाण्याला लागल्यानंतर पाणी दर दहा सेंटिमीटर चढले की, चाकांच्या पोकळ्या वजा जाता, पाचशे किलोहून अधिक वजन उचलले जाते. गाडीचे वजन पावणेदोन टन धरले, तर तळ वीस-पंचवीस सेंटिमीटर बुडेपर्यंत टायरवरचा बराचसा भार नाहीसा होतो. भार गेला की पकड गेली आणि चार चाकांची ओढ निरर्थक झाली. त्यानंतर गाडी प्रवाहाच्या दिशेने जाते.

म्हणून पुलावरून किंवा कॉजवेवरून पाणी वाहत असेल तर थांबावे. संथ, उथळ पाण्यातही तळ ठाऊक असल्याशिवाय उतरू नये. फोर एलमध्ये, एकाच मंद गतीने, गिअर न बदलता पार व्हावे. एंजिन पाण्यात बंद पडले तर पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि त्या हिसक्याने कनेक्टिंग रॉड वाकतात. बाहेर आल्यावर हलक्या पायाने काही वेळा ब्रेक दाबून ते सुकवावेत.

रेती आणि रुतलेली गाडी

गोव्यातील समुद्रकिनाऱ्यांवर वाहने नेण्यास बंदी आहे. मोर्जी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग येथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि गाडीच्या भाराखाली रेतीतील घरटी चिरडतात. भरतीच्या वेळी रुतलेली गाडी वाचवणेही कठीण असते. जेथे रेतीतून जाण्यास मुभा आहे, तेथे टायरमधील हवा सुमारे १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवल्यास टायर पसरतो आणि रुतत नाही. पक्क्या रस्त्यावर येताच हवा पूर्ववत भरावी; कमी हवेवर वेगाने गेल्यास टायर तापून फुटू शकतो.

गाडी रुतल्यास चाके फिरवत राहू नये, त्याने खड्डा खोलच होतो. चाकापुढची माती उपसावी, दगड, फळ्या किंवा झावळ्या घालाव्यात आणि फोर एलमध्ये हळूच बाहेर काढावी. दुसऱ्या गाडीने ओढायचे असल्यास पट्टा साशीवरील ओढण्याच्या हुकालाच बांधावा, बंपरला नव्हे. लोखंडी साखळी वापरू नये. ताणलेला पट्टा सुटल्यास गोळीसारखा येतो. त्याच्या रेषेत आणि त्याच्या लांबीच्या टापूत कोणी उभे राहू नये.

देखभाल

साध्या गाडीपेक्षा या गाडीत तीन ठिकाणचे तेल अधिक सांभाळावे लागते : ट्रान्सफर केस, पुढचे डिफरन्शिअल आणि मागचे डिफरन्शिअल. ते बदलण्याचा कालावधी पुस्तिकेत असतो, पण चाकाच्या मध्यापर्यंत पाण्यात गेलेल्या गाडीचे तेल लगेच तपासावे. ते दुधाळ दिसल्यास पाणी शिरले आहे. बदलण्यास उशीर करू नये. डिफरन्शिअलच्या हवेच्या नळ्या चिखलाने तुंबलेल्या नाहीत हेही पाहावे.

चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले असावेत. एकच नवा टायर बसवल्यास त्याचा घेर मोठा पडतो आणि फरकाचा पीळ पुन्हा यंत्रणेवर येतो. साधारण दहा हजार किलोमीटरनंतर टायरांची अदलाबदल करावी. खाचांची खोली १.६ मिलिमीटर ही कायदेशीर किमान मर्यादा आहे. पावसाळ्याच्या तोंडावर तिच्या जवळ पोहोचलेले टायर बदललेलेच बरे.

पुढच्या चाकांच्या सांध्यांवरील रबरी बूट फाटले तर ग्रीस निघून जाते, लाल माती आत शिरते आणि थोड्याच दिवसांत वळणावर कटकट आवाज येऊ लागतो. शाफ्टच्या सांध्यांना ग्रीस द्यावे. खारी हवा साशीला गंज आणते. गाडीचा तळ गोड्या पाण्याने नियमित धुवावा आणि पावसाळ्यानंतर गंजरोधक लेप तपासून घ्यावा.

महिन्यातून एकदा सैल मातीच्या वाटेवर दोन-चार किलोमीटर गाडी फोर एचमध्ये चालवावी. तेल सर्वत्र फिरते, दांडी जाम होत नाही. गाडी बंद पडून ओढून न्यायची वेळ आली, तर चारही चाके जमिनीवरून उचलणारा ट्रक मागवावा. दोन चाके रस्त्यावर फिरत ठेवून ओढल्यास ट्रान्सफर केसची हानी होऊ शकते.

पावसाळ्यापूर्वीच्या सर्व्हिसिंगमध्ये ही कामे आपोआप होतीलच असे नाही. टायर, ब्रेक, तिन्ही तेले, रबरी बूट, हवेच्या नळ्या आणि फोर एल टप्पा अशी यादी लिहून गॅरेजमध्ये द्यावी आणि गाडी ताब्यात घेताना एकेक बाब विचारून घ्यावी.