भीमबेटका आणि भोवतालची गावे

भोपाळच्या आग्नेयेस सुमारे ४५ किलोमीटरांवर, विंध्याच्या पायथ्याशी वालुकाश्माच्या प्रचंड शिळा उभ्या आहेत. ही वनवासी भीमाची बैठक, अशी लोकश्रद्धा. त्यावरूनच स्थळास ‘भीमबेटका’ हे नाव पडले. येथील चित्रांकित शैलाश्रयांचा शोध १९५७-५८ च्या सुमारास डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांनी लावला, असे आपण विद्यार्थ्यांस सांगतो. नीमचला जन्मलेल्या आणि उज्जयिनी ही कर्मभूमी मानणाऱ्या या संशोधकाविषयी माळव्यातील मराठी मनास अभिमान वाटावा, हे स्वाभाविकच होय. तथापि ‘शोध’ या शब्दाचा अर्थ येथे नीट लावावयास हवा.

१८८८ साली किंकेड नामक इंग्रज अधिकाऱ्याने भोजपूरच्या प्राचीन तलावाविषयी लिहिताना, स्थानिक आदिवासींच्या सांगण्यावरून या स्थळाचा उल्लेख केला होता. मात्र त्याने ते बौद्ध स्थान मानले. म्हणजे माहिती गावकऱ्यांजवळ होती; तिचा अर्थ लावणारी दृष्टी तेवढी यावयाची होती. रेल्वेतून जाताना या शिळा पाहून वाकणकर तेथवर गेले, ते ही दृष्टी घेऊन. वाकणकरांचे श्रेय याने उणावत नाही. उलट ते नेमके कशात आहे, हे स्पष्ट होते.

पुढे १९७० नंतरच्या दशकात वाकणकर आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वीरेंद्रनाथ मिश्र यांनी येथे उत्खनने केली. पुराश्मयुगापासून मध्याश्मयुगापर्यंतच्या वस्तीचे थर त्यांतून उघड झाले. भिंतींवरील कथा त्याहूनही पुढे जाते. गेरूच्या तांबड्या व पांढऱ्या रंगांत गवे, हरणे, शिकारी आणि फेर धरणारे नर्तक आहेत; या प्रदेशातून कधीच नाहीसा झालेला गेंडाही आहे. कित्येक ठिकाणी जुन्या चित्रांवरच नवी चित्रे काढलेली असून, उत्तरकालीन चित्रांत शस्त्रधारी घोडेस्वार दिसतात. एकाच शिळेकडे माणूस सहस्रावधी वर्षे परतून येत राहिला, याचाच हा पुरावा होय.

युनेस्कोने २००३ साली भीमबेटक्यास जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, ती केवळ चित्रांस्तव नव्हे. शिकार व वनोपज यांवर जगणाऱ्या समाजाच्या परंपरेचे अवशेष भोवतालच्या आदिवासी गावांत टिकून आहेत, हेही तिचे एक कारण होते. लगतच्या २१ गावांतील सांस्कृतिक परंपरांचे चित्रांशी असलेले साम्य तेथे नोंदले गेले.

येथेच खरा पेच आहे. भोवतीचे रातापानीचे अरण्य वन्यजीवांसाठी राखीव असून, २०२४ साली त्यास व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. अरण्यरक्षण अवश्यच आहे. परंतु शिकारीवर व वनोपजावर पोसलेली जीवनरीती अशा अरण्याकाठी पूर्वीसारखी चालू शकत नाही. शिळेवरील रंगास कुंपण घालून जपता येते. गावातील स्मृतीस तसे जपता येत नाही. तिची नावे, गाणी, भिंतींवर रेखाटण्याच्या रीती वेळीच टिपून ठेवाव्या लागतील. वर्गात भीमबेटका शिकवताना वाकणकरांबरोबर या गावांचेही नाव घ्यावे. कारण त्या शिळांना ‘बैठक’ म्हणणारे लोक संशोधकांच्या कितीतरी आधी तेथे होते.