नाळेची साक्ष

गर्भ हा मातेच्या उदरांत सर्व बाजूंनीं सुरक्षित असतो, ही समजूत जितकी लोकांची, तितकीच विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यांचीहि होती. वार म्हणजे जणू एक चोखंदळ द्वारपाल. पोषक तेवढें आंत सोडणार आणि विषारी तें बाहेरच अडविणार! हा भरंवसा ज्या घटनांनीं ढासळला, त्यांत जपानांतील क्यूशू बेटावरच्या मिनामाता येथील हकीकत अग्रगण्य आहे.

तेथील चिस्सो कंपनीच्या कारखान्यांत १९३२ पासून ॲसेटाल्डिहाइड हें रसायन तयार होत असे. त्या क्रियेस पारा लागे, आणि त्याचा अंश असलेलें सांडपाणी उपसागरांत सोडलें जाई. तें विष माशांत व शिंपल्यांत सांठत गेलें. प्रथम कोळ्यांच्या घरचीं मांजरें वेड्यासारखीं नाचून मेलीं. मग माणसांची पाळी आली. १ मे १९५६ रोजीं कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. होसोकावा यांनीं ह्या अज्ञात रोगाची वर्दी सरकारी आरोग्यखात्यास दिली. पुढें १९५९ सालीं त्यांनीं कारखान्याचें सांडपाणी अन्नांत कालवून एका मांजरास चारलें, आणि त्यासहि तोच रोग जडला. कंपनीनें हा निष्कर्ष दडपला. धन्याचें मीठ खाणारा हा वैद्य गप्प बसला, आणि १९७० सालीं मृत्युशय्येवरून त्यानें सारें न्यायालयास सांगितलें. तोंवर विषाचा ओघ थांबून दोन वर्षें झालीं होतीं.

ह्याच काळांत कोळीवस्त्यांत अशीं मुलें जन्मास येऊं लागलीं कीं, ज्यांना मान सावरतां येईना, घांस गिळतां येईना, बोलतां येईना. त्यांनीं मासा तोंडाला लावला नव्हता. म्हणून हा रोग तो नव्हेच, असें वैद्यांनीं ठरविलें. तरुण वैद्य हाराडा मासाझुमी १९६१ मध्यें घरोघर हिंडूं लागले. एका घरीं दोन भाऊ त्यांना दिसले, दोघांची अवस्था सारखीच. थोरल्यास मिनामाता रोग, धाकट्यास मात्र नाहीं, हा भेद त्यांच्या आईस मुळींच मान्य नव्हता. मीं मासे खाल्ले, माझ्यांतलें विष ह्याच्यांत गेलें, असें तिचें म्हणणें. शास्त्रास तें कबूल करावयास मृत मुलांच्या मेंदूंची तपासणी करावी लागली. नोव्हेंबर १९६२ मध्यें १६ मुलांचा रोग जन्मपूर्व विषबाधेचा ठरला. पुष्कळ मातांना स्वतःला मात्र फारसा त्रास नव्हता.

आपल्याकडे नाळ पुरतात. जपानांत ती वाळवून लहानशा लांकडी पेटींत जपून ठेवतात. हाराडांनीं ह्या पेट्या मागितल्या आणि मातांनीं त्या उघडून दिल्या. १९७५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या तपासणींत दिसलें कीं, कारखान्याचें उत्पादन ज्या वर्षीं वाढलें, त्या वर्षींच्या नाळांत पाराहि वाढला होता. कंपनीच्या दप्तरांत जें मिळालें नसतें, तें घराघरांतील कपाटांत मिळालें.

पाऱ्याचें हेंच संयुग बुरशीनाशक म्हणून बियाण्यास चोळीत. १९७१ सालीं इराकमध्यें असें गुलाबी रंगविलेलें परदेशी बियाणें पेरणी उलटून गेल्यावर पोंचलें. पोत्यांवरील इशारे परक्या भाषेंत होते. शेतकऱ्यांनीं दाणे धुतले, रंग निघाला, आणि विषहि गेलें असें समजून त्यांनीं भाकरी भाजल्या. ६५३० माणसें रुग्णालयांत आलीं, त्यांपैकीं ४५९ दगावलीं. त्या भाकरी खाल्लेल्या कांहीं गर्भवतींना हातापायांस किंचित् बधिरता येण्यापलीकडे कांहीं झालें नाहीं; त्यांचीं मुलें मात्र वेळेवर चाललीं नाहींत, बोललीं नाहींत.